मिस्त्रीचं टॉनिक आणि सव्वादोनच्या बांगड्या

"आता कापता येईल," असं सर्जन म्हणाले आणि मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. बोटं बधिर होती, त्यामुळे टाळीचा आवाज ऐकू आला पण हाताला काही कळलं नाही. शेजारी माझा नवरा रुमालात तोंड घालून रडत होता. सर्जन आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. पोटाला एवढी चीर पडणार, आतड्याचा तुकडा जाणार, लिव्हरचाही जाणार, हे ऐकून कोणी इतकं खूश होतं का, असं त्यांना वाटलं असेल. होतं की! ज्यांना आधी "आत्ता कापता येत नाही" असं सांगितलेलं असतं, ती माणसं होतात.

तुमच्या घरात कोणाला तसं सांगितलं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. डॉक्टरकी मला येत नाही. माझं मोताळ्यात बांगड्यांचं दुकान आहे आणि आठवडी बाजाराला मी पेट्या घेऊन बाजारात बसते. आजही बसते. अधूनमधून स्कॅनला जावं लागतं, त्याच्या आदल्या दिवशी भाकरी घशाखाली उतरत नाही, पण बसते. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. बाई म्हणायच्या, शकीलाचा निबंध सुरू झाला की घंटा होईपर्यंत थांबत नाही. आताही तसं झालं तर सांभाळून घ्या.

मूळव्याध नव्हती

शौचाच्या वेळी रक्त जात होतं. आमच्याकडे रक्त जातं म्हटलं की मूळव्याध, आणि मी तर दिवसभर बसूनच धंदा करणारी. ताक झालं, सुरण झालं, कोणाकोणाच्या गोळ्या झाल्या. मग एका लग्नघरी चुडा भरता भरता मला अंधारी आली. नवरीचा हात माझ्या हातात तसाच राहिला. त्या पोरीनेच मला पाणी पाजलं.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि ताबडतोब औरंगाबादला जायला सांगितलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण झाली, स्कॅन झालं. निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी एक कागद उलटा करून त्यावर चित्र काढलं. मोठं आतडं, त्यात एक गाठ. वर लिव्हर, त्यात तीन ठिपके. कॅन्सर आतड्यात सुरू झाला आणि लिव्हरपर्यंत गेलाय, असं त्यांनी सरळ सांगितलं.  

मी लगेच म्हटलं, "मग कापून टाका ना!"

त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. हा ठिपका मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलाय. आधी केमो देऊ. ठिपके आक्रसले आणि हा सुटा झाला, तर कापू."

"आणि नाही सुटला तर?"

"तर केमो चालू ठेवू. पण आजार मुळातून काढायची संधी ऑपरेशनमध्येच आहे."

त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना. लोक ऑपरेशनला घाबरतात, मी ऑपरेशनसाठी जीव टाकू लागले. नात्यातले सगळे विचारत, "आधी कापून घ्याचं, मंग औषध कराचं, हे उलटं काऊन?" मी प्रत्येकाला ते चित्र काढून दाखवायची. शेवटी शेवटी तर माझं लिव्हर डॉक्टरबाईंपेक्षा चांगलं यायला लागलं.

नवऱ्याचा धंदा

माझ्या नवऱ्याला सगळा तालुका मिस्त्री म्हणतो, मीही तेच म्हणते. तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याची टपरी माझ्या दुकानाला लागूनच आहे. कपाशीचं बीटी बियाणं नवं आलं तेव्हा लोक म्हणाले, आता बोंडअळी संपली, फवारे संपले. मिस्त्रीनेही पाने-पक्कड बाजूला ठेवून वेल्डिंगचं काम धरलं होतं. मग काही वर्षांनी अळी परत आली, गुलाबी होऊन आली, आणि टपरीसमोर पाठीवरच्या पंपांची रांग लागली. मी आजारी पडले ते हेच साल. रांगेतले लोक कोणत्या औषधात काय कालवलं, कशाने पाती-कळ्या धरल्या, कशाने गळाल्या, हेच बोलत. मिस्त्री नोझल साफ करत सगळं ऐकायचा.

आता गंमत ऐका. माझ्या केमोतही पंप निघाला! दवाखान्यात सलाईनमधून काही औषधं द्यायचे आणि उरलेलं औषध एका छोट्या बाटलीत भरून, औषध सोडायला छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडून, ती बाटली कमरेला बांधून सोडायचे. दोन दिवस ती आपली आपण चालायची. बाटलीच्या आत एक फुगा, तो हळूहळू आकसत जायचा आणि औषध आत जायचं.

मिस्त्री वेडाच झाला. "याले बॅटरी नाई, दांडा नाई, वायसर नाई. मंग प्रेशर कोठून येते?" नर्सने समजावलं तरी त्याचं समाधान होईना. पहिल्या खेपेला आम्ही लॉजवर राहिलो तर दुपारभर तो माझ्या कमरेकडे बघत बसला. "शकीला, कमी झाला पाह्य फुगा! एक नंबर नोझल हाय, एक थेंब गळून नाई राह्यला!" मला मळमळ होत होती, तोंडात खिळा चघळल्यासारखी चव होती, तरी मी हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे एवढं टक लावून तो पहिल्यांदाच बघत होता.

उन्हातल्या पेट्या

एक गोष्ट मला कोणी आधी नीट सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून इथे सांगते. या औषधानंतर थंड वस्तू शिवू नका. मला सांगितलं होतं, पण मी ते थंड पाण्यापुरतं धरलं होतं. हिवाळ्याची सकाळ होती. दुकान उघडलं, पेटीत हात घातला आणि किंचाळले. काचेच्या बांगड्या रात्रभर गार झालेल्या. बोटांत सुया शिरल्या जणू. बांगड्यांचा धंदा करणारी आणि बांगडी शिवता येईना!

दुसऱ्या दिवशी बघते तर मिस्त्रीने माझ्या सगळ्या पेट्या बाहेर बाजेवर उन्हात मांडलेल्या. त्याच्याकडे पंपवाले खोळंबलेले आणि हा हिरव्या-लाल बांगड्यांवरून हात फिरवून कोमट झाल्या का बघतोय. लोक चेष्टा करायचे, "मिस्त्री, बांगड्याले वाळवन घातलं का?" तो म्हणायचा, "हाव, पापड तळाचे हायेत." मग तो रोज तसंच करू लागला.

केस माझे गेले नाहीत, पातळ झाले. तेही लोकांना पटेना. "केस हायेत म्हंजे लहान कॅन्सर असन," असं एक बाई मला तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, "हाव बाई, अजून चालाले शिकला नाई."

काही फेऱ्या झाल्यावर पहिलं स्कॅन झालं. ठिपके लहान झाले होते! तिन्ही! तो चिकटलेला अजून सुटला नव्हता, पण सुटायच्या बेतात होता. "अजून थोडं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या बाजाराच्या दिवशी माझ्या तोंडाला खीळ नव्हती. ओळखीची बाई दिसली की मी हाक मारून सांगत होते.

आणि मग पुढच्या खेपेला रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वर गेले.

पुडी

"बाहेरचं काही घेता का? काढा, जडीबुटी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अल्लाची कसम, नाही," मी म्हटलं. मिस्त्री छताच्या पंख्याकडे बघत होता.

केमो पुढे ढकलली. आठवड्याने परत गेलो तर आकडे अजून वर. पुन्हा केमो नाही. मी विचारलं, आजार वाढला का? त्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत. "बघावं लागेल. असंच राहिलं तर ऑपरेशनचाही विचार थांबवावा लागेल," असं म्हणाल्या. त्या एका वाक्याने माझं सगळं अवसान गेलं. बसस्टँडवर येईपर्यंत मी रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही.

बुलढाण्याची गाडी लागली. मी चढायला पुढे झाले तर मिस्त्रीने माझा हात धरला.

"गाडीत नको बसू."

"काऊन?"

त्याने खिशातून एक पुडी काढली. राखाडी भुकटी. "हे तुह्या दुधात टाकून राह्यलो होतो. थो स्कॅनचा फोटो चांगला आला ना, तवापासून."

"काय हाय हे?"

"टॉनिक."

मला काही कळेना. तो खाली बघून बोलू लागला. "कास्तकार नुसतं औषध नाई मारत शकीला. औषधानं अळी मरते, पन झाडबी मलूल पडते. म्हून त्याच पंपात टॉनिक कालवतेत. तवा कोठं झाड उठते. मी पाहून राह्यलो होतो, तुह्यात नुसतं औषधच चाल्लं. टॉनिक कोनीच टाकून नाई राह्यलं. बाजारात एक जन इकत होता, म्हने लिव्हरवर रामबान हाय."

"मी काय पऱ्हाटी आहो?" मी ओरडले. सगळा स्टँड वळून बघायला लागला. "कपाशीचं झाड आहो मी? इचाराचं तरी! मले नाई त डाक्टरले!" मी हातातली पर्स त्याला मारायला उगारली. इतका राग मला जन्मात आला नव्हता. आणि पर्स वर धरलेली असतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मिस्त्री! म्हंजे हे पुडीनं झालं असन! गाठीनं नाई!"

मी त्याच्या हातातली पुडी पर्समध्ये कोंबली.

"चला! लवकर! रिक्षा पाहा!" मी त्याला ओढतच बाहेर काढलं. बस गेली, जाऊ दे म्हटलं. रिक्षात मी एका डोळ्याने रडत होते आणि दुसऱ्याने हसत होते. नवऱ्याने मला नकळत काय काय पाजलं याचा एवढा आनंद झालेली बाई त्या रिक्षावाल्याने पाहिली नसेल.

डॉक्टरबाईंनी पुडी उघडली, वास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं आता मिस्त्रीची काही खैर नाही. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही दुरुस्त केलेल्या पंपात कोणी न सांगता भलतंच काही घातलं आणि पंप जाम झाला, तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

"शिव्या देतो."

"त्या सगळ्या मी दिल्या असं समजा."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, पुडीनेच झालं असं मी आत्ता म्हणणार नाही, सगळं बंद करा, पंधरा दिवसांनी रक्त बघू. लिव्हर निवळलं तर केमो पुन्हा सुरू. नाही निवळलं तर मात्र पुडीला दोष देता येणार नाही.

वरची बांगडी

ते पंधरा दिवस वाईट गेले. आमची मुलगी नसरीन खामगावला दिलेली आहे. ती आली आणि बापाशी बोलेना. दूध तीच तापवणार, तीच देणार, पेल्यावर झाकण ठेवणार. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात यायचा आणि तिथूनच परत जायचा. राग मलाही होता. पण सकाळी उठून बघावं तर पेट्या उन्हात मांडलेल्या, आणि तो पाठ करून पंप खोलत बसलेला. नसरीन म्हणाली, "अम्मी, तुमी लवकर इरघळता." मी म्हटलं, तुला काय कळतंय.

संक्रांत जवळ आली होती. गोकर्णाबाई आली. मोताळ्याजवळच्या खेड्यातली कपाशीवाली, माझी जुनी गिऱ्हाईक. हातात पैसा नसल्याने त्या वर्षी बायका दुकानासमोरून मान खाली घालून जात होत्या. ही मात्र सरळ येऊन पाटावर बसली.

"पऱ्हाटी?" मी विचारलं.

"उपटून टाकली. बोंड फोडलं का अळी, बोंड फोडलं का अळी. पऱ्हाटी गेली म्हून काय सनाले हात बोडके ठेवू? भर."

मी तिचा हात घेतला. बोटांना नीट कळत नव्हतं. पहिली बांगडी निम्म्यावर कटकन गेली. दुसरीही गेली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या हातून गिऱ्हाईकाच्या हातावर लागोपाठ दोन कधी वाढल्या नव्हत्या. मला रडू आलं.

"वाढल्या त वाढू दे. दुसऱ्या घे," ती म्हणाली. "मले कोठं जाचं हाय? सावकाश भर."

खूप वेळ लागला, पण भरल्या. दोन्ही हात भरून झाल्यावर मी डाव्या हातात एक जास्तीची घातली. ही आमच्या घरची रीत आहे. तिला वरची म्हणतात. ती मागायची नसते आणि मोजायची नसते. भरणारीकडून ती दुवा असते.

गोकर्णाबाई बांगड्या वाजवून बघत म्हणाली, "आन तुले कोन भरते वं?"

"मले कोन भरन? माह्या मीच भरतो."

"मंग वरची?"

मी हसले. स्वतःच स्वतःला वरची कोण घालणार? इतक्या वर्षांत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी आकडे खाली आले. गुपचूप, शहाण्यासारखे खाली आले! डॉक्टरबाईंनी रिपोर्टवर टिचकी मारली आणि केमो पुन्हा सुरू झाली. नसरीनने त्या दिवशी बापाला चहा दिला. पुढे शेवटचं स्कॅन झालं, तो चिकटलेला ठिपका सुटा झाला, आणि मग त्या टाळ्या, ज्या मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितल्या.

साबण

ऑपरेशनच्या दिवशी मी लग्नाला निघाल्यासारखी तयार होते. भीती होती, पण उतावीळपणा तिच्यापेक्षा मोठा होता. मग नर्स आली आणि म्हणाली, "बांगड्या काढा."

माझ्या हातात काचेच्याच होत्या. वजन उतरलं तशा अडीचच्या मापाच्या बांगड्या हातातून गळून पडायला लागल्या होत्या, म्हणून मी सव्वादोनच्या भरल्या होत्या. आणि आदल्या दिवसापासूनच्या सलाईनने दोन्ही हात सुजलेले. मी ओढून बघितलं. बोटांत जोर नव्हता, पकड नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उतरवल्या, स्वतःची एक उतरेना.

नर्स बिचारी वाईट नव्हती. गॉजचा तुकडा आणि चिमटा घेऊन आली. "फोडाव्या लागतील हो. डॉक्टर थांबलेत."

आणि मी कोसळले. सगळी केमो मी हसून काढली होती, तिथे त्या चिमट्यासमोर लहान पोरीसारखी रडले. आत जाताना बांगड्या फोडून जायचं नव्हतं मला. अंधश्रद्धा म्हणा, काही म्हणा. त्या फोडल्या तर मी परत येणार नाही, असंच मला वाटत होतं.

"मले साबन द्या," मिस्त्री म्हणाला.

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो पलंगाच्या कडेला बसला, माझा हात मांडीवर घेतला आणि कोमट पाण्याने साबण लावला. त्याच्या बोटांच्या घड्यांत पंपाचं काळं वंगण कायमचं बसलेलं आहे, ते साबणानेही जात नाही.

"अंगठा आत घे," तो म्हणाला. "बोटं ढिली सोड. हात माह्याजवळ हाय, तू तथी नाईच असं समज."

मी दचकले. हे माझं बोलणं होतं. नवरी मुलींना मी अगदी असंच सांगते. तो हाताची गादी दाबत, काच फिरवत, एकेक बांगडी सोडवत गेला. घाई नाही, जोर नाही. एक गेली, दुसरी गेली. सगळ्या आल्या. एकही वाढली नाही.

"हे कवा शिकले तुमी?"

"मंग इतके साल तुह्या बाजूले बसून का नुसता चहाच पेत होतो?"

त्याने बांगड्या रुमालात बांधल्या. आता माझ्या तोंडाला पुन्हा सुरुवात झाली. स्ट्रेचरवर मी इतकी बडबड करत होते, की भुलीच्या डॉक्टरांनी नर्सला विचारलं, यांना आधीच काही दिलंय का? मी म्हटलं, नाही, मी अशीच आहे.

नंतरचं खोटं गोड लिहिणार नाही. दुखलं. खोकला आला की पोट फाटेल असं वाटायचं. नाकात नळी, पोटात नळी, घसा कोरडा. मग एके सकाळी पोटातून वारा सरला आणि सर्जनने माझं अभिनंदन केलं! आतडं चालू झालं म्हणून. मिस्त्रीने बाहेर जाऊन नसरीनला फोन लावला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ही बातमी दिली. मला लाज वाटायला हवी होती. मला नुसता आनंद झाला.

वॉर्डात आणल्यावर हातांची सूज ओसरली. मिस्त्री पेलाभर गरम पाणी घेऊन आला. रुमाल सोडला, बांगड्या त्या पाण्यात बुडवल्या, पुसल्या, गालाला लावून कोमट आहेत का बघितलं आणि माझा हात मांडीवर घेतला. उजवा भरला. डावा भरला. आणि मग त्याने शर्टाच्या वरच्या खिशातून कागदात गुंडाळलेली आणखी एक काढली. हिरवी, सव्वादोनची.

"ही कोठून आनली?"

"तुह्याच पेटीतून. चोरली."

"कवा?"

"घरून निंघालो ना अॅडमिट व्हाले, त्याच सकाळी. पेट्या उन्हात ठेवल्या तवा."

म्हणजे ऑपरेशनच्या आधीपासून, मी आत होते तेव्हाही, ती त्याच्या खिशातच होती.  काहीतरी करायचं म्हणून मी डाव्या हातातल्या बांगड्या मोजायला लागले. त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"मोजू नको," तो म्हणाला. "वरची मोजत नसतेत."